दारू सुटली, पण समुपदेशक व्हायचं राहिलं होतं

दारू सोडून तीन वर्षं झाली तेव्हा व्यसनमुक्ती केंद्रातल्या मॅडमनी विचारलं, "समुपदेशनाला ट्रेनी म्हणून येणार का?" त्या दिवशी मी घरी पेढे नेले. अकरा वर्षं प्यायलो, ते सगळं आता कामाला येणार असं वाटलं. शिकण्यासारखं काही उरलंय, हे डोक्यातच नव्हतं.

आपल्याकडे ही वाट जुनी आहे. १९८६ साली पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे बरे झालेले कितीतरी जण पुढे समुपदेशक झाले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (ए.ए.), म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना सावरायची संघटना, तर १९३५ची. पण ए.ए.तला स्पॉन्सर, म्हणजे नव्याला हात देणारा जुना मेंबर, आणि केंद्रातला समुपदेशक यांत गल्लत करू नका, मी केली होती. स्पॉन्सर पगार घेत नाही, कागद ठेवत नाही. समुपदेशकाला केस हिस्टरी लिहावी लागते, डॉक्टरांपुढे बोलावं लागतं. मी फाइलमध्ये 'पेशंट ठीक' एवढंच लिहायचो. मॅडम म्हणायच्या, "ठीक म्हणजे काय? झोपला किती तास? हात थरथरतात का? जेवला?"

दुसऱ्याच महिन्यात गल्लीतल्या एका दादाचा फोन आला. रोजच्या दोन क्वार्टर, कित्येक वर्षांच्या. "उद्यापासून सोडतो," म्हणाला. मी तोऱ्यात म्हटलं, "उद्या कशाला? आत्ता ओत बाटली. मी तशीच सोडली." दुसऱ्या रात्री त्याला फिट आली. भावाने वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भास, भ्रम सुरू होऊ शकतात. डॉक्टर त्याला डी.टी. (डेलिरियम ट्रेमेन्स) म्हणतात, आणि ती जिवावर बेतू शकते. मला काही झालं नाही, हे माझं नशीब होतं. ते मी औषध म्हणून वाटत सुटलो होतो. आता असा फोन आला की आधी डॉक्टरांची वेळ घेऊन देतो. गोळ्यांबद्दल तर चकार शब्द काढत नाही, कुणी कितीही खोदून विचारलं तरी.

प्रशिक्षणात सगळ्यात जड गेलं ते गप्प बसणं. सरावाच्या मुलाखतीत मॅडमनी घड्याळ लावलं. वीस मिनिटांत चौदा मिनिटं मीच बोललो होतो, तेही माझ्या अपघाताची गोष्ट. समोरचा ट्रेनी पेशंट झाला होता, तो बिचारा मान हलवत बसला. मग मिलर आणि रोलनिक या मानसशास्त्रज्ञांची मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे बदलायचं कारण माणसाच्याच तोंडून येऊ देणारी बोलण्याची पद्धत, शिकवली. "सोडणार की नाही?" असं विचारलं की माणूस एक तर खोटं बोलतो नाही तर भांडतो. "प्यायल्यावर काय बरं वाटतं?" म्हटलं की तो चमकतो, आणि थोड्या वेळाने काय बरं वाटत नाही तेही आपणहून सांगतो. आपली गोष्ट सांगायची, पण दोन वाक्यांत, आणि त्याने विचारली तर.

बाजारात एखादी वहिनी हमखास विचारते, "आमच्या शेजारचे भाऊजी तुमच्याकडेच आहेत ना?" उत्तर द्यायचं नाही. नुसतं हसायचंही नाही, हसण्याचाही अर्थ काढतात लोक. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही येतात, आणि रुग्णाची माहिती गुप्त राहणं हा त्याचा हक्क आहे. आणखी एक, नावापुढे 'सायकॉलॉजिस्ट' लावायचा मोह होईल. लावू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते.

पगाराचं खरं सांगतो, सुरुवातीला भागत नाही. मी दोन वर्षं सकाळी दूध टाकत होतो.

आणि स्वतःची ए.ए.ची मीटिंग सोडू नका. पेशंट बसतात त्या मीटिंगला मात्र आपण मेंबर म्हणून बसायचं नाही. रात्रपाळीला नव्याने आलेल्या माणसाच्या अंगाचा वास आला की माझं अजूनही पोट हलतं, ते तिथे कसं सांगणार? म्हणून मी दर गुरुवारी एसटीने शेजारच्या तालुक्याला जातो. तिथे पूर्ण चौदा मिनिटं बोलतो. घड्याळ कुणी लावत नाही.