बोंड फोडून पाहा: गुलाबी अळीची पिढी वावरात कशी ओळखायची

सप्टेंबर लागला की दर आठवड्याला एक सकाळ मी कपाशीची बोंडं फोडायला राखून ठेवते, आत गुलाबी बोंडअळी शिरली का ते पाहायला. एकराला वीस हिरवी बोंडं, वीस वेगवेगळ्या झाडांवरची. वावराच्या एका कोपऱ्यातून तिरपं चालत समोरच्या कोपऱ्यापर्यंत जायचं आणि वाटेत तोडत जायचं. धुऱ्यालगतचीच तोडली तर हिशेब फसतो. बोंड पंधरा-वीस दिवसांचं हवं, म्हणजे बोटाने दाबलं तर किंचित दबेल इतकं कोवळं. मग विळ्यावर धरून उभं चिरायचं.

पहिल्या वर्षी जाऊबाई माझ्या ओट्यात पाहून म्हणाल्या, "अवं, हे तं वरून साबूतच हाये, कायले वाया घालवतं?" मी एक चिरून त्यांच्या हातावर ठेवलं. सालीच्या आतल्या बाजूला सुईने ओढावी तशी बारीक नागमोडी वाट होती, वाटेच्या टोकाला फिकट फोड, आणि आत ओल्या रुईत काळ्या डोक्याची, तांदळाच्या दाण्याहून लहान पांढरी अळी. लहानपणी ती गुलाबी नसतेच, रंग नंतर चढतो. अंड्यातून निघाली की ती लगेच बोंडात शिरते आणि बोंड वाढलं की शिरल्याचं भोक बुजून जातं. बाहेरून जे गोल, स्वच्छ भोक दिसतं ते अळी बाहेर पडल्याचं असतं. ते दिसेपर्यंत आपल्या हातून वेळ गेलेली असते.

वीसपैकी दोन बोंडांत जिवंत अळी सापडली, म्हणजे दहातल्या एकात, की उपाय करायची पातळी गाठली असं समजा. नुसती वाट दिसली आणि अळी नसली तर ते बोंड वेगळं लिहा. मी वहीत दोन रकाने ठेवते, "वाट" आणि "जिवंत". आपली कपाशी बीटी, म्हणजे जिवाणूचं जनुक घातल्यामुळे अळीला मारणारं विष स्वतःच बनवणारी. वाट पुष्कळ आणि जिवंत कमी असतील तर अळ्या आत शिरून त्या विषाने मरत आहेत. जिवंतचा रकाना वाटेच्या रकान्याला गाठत आला तर बीटीचं विष पचवणारी अळी तुमच्या वावरात नांदते आहे. प्रयोगशाळेशिवाय कास्तकाराला हे कळायचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

ही वही सुरू झाली 2017 नंतर. त्या हंगामात आमच्या साडेपाच एकरांत दुसऱ्या वेचणीला बाया आल्या आणि दुपारीच परत निघाल्या. मजुरी किलोवर, आणि किडक्या बोंडातून कापूस निघता निघेना. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून मनात पक्कं बसलं की पंप उचलण्याआधी मोजायचं, न मोजता फवारायचं नाही.

गावात सगळे म्हणतात, "अळीले बीटीची सवय झाली." मी अमरावतीला प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केलं, म्हणून हे जरा थांबून सांगते, कारण पुढचा सगळा उपाय याच्यावर उभा आहे. एका अळीला सवय होत नसते. बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या एका प्रथिनाला चिकटतं आणि तिथे भोकं पाडतं. आपल्या बीटीतल्या पहिल्या विषापुरतं त्या प्रथिनाचं नाव कॅडहेरिन. ते घडवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येक अळीत असतात, एक आईची, एक बापाची. पुष्कळांमध्ये कुठेतरी एखादी प्रत बिघडलेली असते आणि तिच्यातून घडलेल्या प्रथिनाला विष नीट चिकटत नाही. दुसरी प्रत चांगली असेल तर अळी मरतेच. दोन्ही बिघडलेल्या असतील तरच ती जगते. हा बिघाड बीटी येण्याआधीपासून होता. आपण बाकीच्या साऱ्या मारल्या आणि उरलेल्यांची आपसात लग्नं लावून दिली.

बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बी का मिळायचं, ते आता लक्षात येईल. कडेच्या त्या ओळींवर साधी अळी जगावी, तिचे पतंग भरपूर उडावेत आणि बीटीतून वाचलेल्या एखाद्या पतंगाला साधाच जोडीदार मिळावा, म्हणून. मग त्यांच्या पिलांना एक प्रत चांगली, एक बिघडलेली येते, आणि ती पिलं बीटीवर मरतात. आम्हाला दुकानात सांगितलं, "ते नाही लावलं तरी चालते." ते बी कित्येक वर्षं आमच्या गोठ्याच्या माळ्यावर पडून राहिलं. कोणी म्हणे, कडेला तूर आहे ना, झालं. तूर हिरव्या बोंडअळीला चालते. गुलाबीचा संसार मात्र जवळजवळ सगळा कपाशीवरच, म्हणून तुरीच्या ओळी तिच्यासाठी आसरा होत नाहीत.

देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली 2002 मध्ये, दोन जनुकांचं बियाणं आलं 2006 मध्ये. एकाच जनुकाच्या बीटीवर जगणारी गुलाबी अळी गुजरातमध्ये सापडल्याचं 2010 मध्ये जाहीर झालं, पुढे ती दोन्हींना पुरून उरली. आपण संकरित बियाणं लावतो, याचाही त्यात वाटा आहे. संकरित झाडात बीटीचं जनुक एकाच बाजूने आलेलं असतं. झाडाच्या पानापानांत विष असतं, पण त्याच्या बोंडातल्या सरकीत जनुकांची पुन्हा वाटणी होते आणि चारातल्या एका बीत ते एक जनुक नसतंच. गुलाबी अळी खाते नेमकी सरकी. एकाच बोंडात तिला विषारी बी, कमी विषाचं बी आणि बिनविषाचं बी शेजारी-शेजारी मिळतं. अर्ध्या मात्रेवर अर्धवट चिवट, म्हणजे एकच प्रत बिघडलेली अळीही तगून जाते. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात हीच वाटणी उपयोगी पडली. तिथल्या शेतकऱ्यांनी संकरिताच्या दुसऱ्या पिढीचं बी पेरलं, चारातलं एक झाड आपसूक बिगर-बीटी निघालं आणि वावरभर आसरा पसरला. अळीचा वाढता चिवटपणा तिथे मागे हटला. अमेरिकेत आसऱ्याच्या ओळी, नपुंसक केलेले पतंग सोडणं आणि इतर उपाय एकत्र करून 2018 मध्ये तिथल्या कापूसपट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे आता गुलाबीमध्ये चिवट प्रती इतक्या पसरल्या आहेत की नुसत्या आसऱ्याने भागणार नाही. हिरव्या अळीसाठी तो अजून हवाच, म्हणून पाकिटात मिसळून आलेलं बिगर-बीटी बी निवडून काढू नका. गुलाबीसाठी मात्र पिढी तोडायची. ती महिना-सव्वा महिन्यात एक पिढी उरकते, म्हणजे पात्या (फुलांच्या कोवळ्या कळ्या) लागल्यापासून जानेवारीपर्यंत चार-पाच पिढ्या. प्रत्येक पिढीत साध्या अळ्या मरून चिवट तेवढ्या उरतात, अशी छाननी होते. एक पिढी कमी झाली की एक छाननी टळते.

सुरुवात कामगंध सापळ्यांपासून, म्हणजे मादीच्या गंधाची गोळी लावून नर पतंग पकडणाऱ्या सापळ्यांपासून. पेरणीनंतर पंचेचाळीस दिवसांनी, एकराला दोन, झाडाच्या शेंड्याच्या फूटभर वर. पऱ्हाटी वाढेल तशी काठीवरची दोरी वर सरकवत न्या. गोळी गुलाबीचीच आहे हे पाकिटावर वाचून घ्या, हिरवीची गोळी लावली तर सापळा रिकामा राहील आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. एकाच हाताने दोन्ही जातींच्या गोळ्या हाताळू नका. तीन-चार आठवड्यांनी गोळी बदला. सापडणारा पतंग करड्या-तपकिरी रंगाचा, जेमतेम सरकीएवढा, पंखांच्या कडेला झालर. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ-आठ पतंग आले की ती धोक्याची पातळी. हे सगळे नर असतात. माद्या आपल्याला दिसत नाहीत, त्या अंडी घालत असतात.

फुलं लागली की डोमकळ्या शोधा. पाकळ्या उमलत नाहीत, अळीने आतून धाग्याने शिवल्यासारख्या, गुलाबाच्या कळीगत मिटून राहतात. ती तोडून तिथेच टाकू नका, पिशवीत घाला आणि बुजवा. पहिल्या पिढीची एक डोमकळी म्हणजे पुढची कितीतरी किडकी बोंडं. आमच्याकडे वेचणीच्या बायांना हे सगळ्यात लवकर जमलं, त्यांची नजर पुरुषांपेक्षा बारीक असते. डोमकळ्यांच्या दिवसाची मजुरी मी वेगळी देते. फवारावंच लागलं तर तेच औषध पुन्हा पुन्हा नको, कारण औषधही बीटीसारखीच छाननी करतं. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्कावर भागवा.

आणि फरदड नको, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे ओढायचं नाही. इथे घरात भांडणं होतात, मला माहीत आहे. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी देऊन अजून दोन क्विंटल निघतात, हातात रोकड येते. पण तेव्हा झाडातलं विष उतरलेलं असतं आणि अळी भरपूर. शेवटच्या पिढीची अळी दोन सरक्या धाग्याने जोडून त्यांच्यामध्ये झोपी जाते आणि उन्हाळा तशीच काढते. डिसेंबरअखेर वावर मोकळं करा, आधी शेळ्या चारा, मग पऱ्हाट्या श्रेडरने बारीक करून जमिनीत मिळवा. जळणासाठी पऱ्हाट्यांची गंजी घराशेजारी रचली तर जूनमध्ये पतंग तिथूनच उडतात. भाव वाढायची वाट पाहत घरात ठेवलेल्या कापसातूनही उडतात.

पेरणी गावाने मिळून जूनच्या पावसावरच करावी, कमी दिवसांचं वाण घ्यावं. मे महिन्यात ओलितावर लावलेल्या एखाद्या एकराला लवकर पात्या येतात आणि पहिले पतंग तिथे पोसले जातात. कुठेच पाती नसली तर त्या पतंगांना पिलं वाढवायला जागा मिळत नाही, ते तसेच मरतात.

मागच्या मार्चमध्ये सरकी पाखडताना सासूबाईंनी एक जोडबी माझ्यापुढे धरली. दोन सरक्या अशा घट्ट चिकटलेल्या की नखाने उकलल्या. आत गुलाबी अळी, अंग आखडून निपचित. काडीने डिवचलं तर हळूच वळली. आम्ही सुपातल्या सगळ्या जोडबिया वेचल्या, सदतीस निघाल्या, त्या चुलीत टाकल्या आणि आकडा वहीत लिहिला.