निकोला फूकेची गोष्ट सांगताना या चुका टाळा

आधी नाव. स्पेलिंग बघून ‘फौकेट’ लिहू नका, शेवटचा ‘ट’ फ्रेंच लोक गिळतात. निकोला फूके हा फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईचा खजिना सांभाळणारा अधिकारी.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे मेजवानी. 17 ऑगस्ट 1661 ला फूकेने व्हो-ल-व्हिकोंत इथल्या आपल्या नव्याकोऱ्या महालात राजाला बोलावलं. कारंजी, मोलिएरचं नवं नाटक, शोभेची दारू. थाट बघून राजा जळला आणि तीन आठवड्यांत फूके कैदेत, अशी ही गोष्ट. व्होल्तेअरने तर लिहूनच ठेवलंय की संध्याकाळी सहाला फूके फ्रान्सचा राजा होता, रात्री दोनला कुणीच नव्हता. वाक्य झकास आहे, पण त्यावर विसंबू नका. फूकेला हटवायचं राजाने मे महिन्यातच ठरवलं होतं.

मग थांबला कशाला? फूके पॅरिसच्या पार्लमाँचा सरकारी वकीलही होता. (पार्लमाँचं भाषांतर ‘संसद’ करू नका; ते वरिष्ठ न्यायालय होतं.) त्या पदावरच्या माणसावर खटला चालायचा तो त्याच न्यायालयात, म्हणजे स्वतःच्याच सहकाऱ्यांपुढे. तिथे राजाला हवा तसा निकाल लागेल याची खात्री कोण देणार? तेव्हा फूकेचा दरबारातला प्रतिस्पर्धी कोल्बेर याने गोड बोलून फूकेला ते पद विकायला लावलं. 14 लाख लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) आले, त्यातले 10 लाख फूकेने राजालाच देऊन टाकले. चिलखत उतरवलं आणि वर नजराणाही दिला! त्याचं खरं चुकलं ते इथे, कारंज्यांपाशी नाही.

5 सप्टेंबरला, राजाच्या तेविसाव्या वाढदिवशी, नांत शहरात त्याला पकडलं. पकडणारा दार्तान्यां, ‘थ्री मस्केटिअर्स’ कादंबरीतल्या दार्तान्यांमागचा खराखुरा माणूस. बैठकीतून बाहेर पडलेला फूके आधी गर्दीत हरवला आणि दार्तान्यांला त्याच्या मेण्यामागे धावाधाव करावी लागली.

‘अफरातफर करणारा चोर’ असं एका शब्दात उरकू नका. स्पेनशी लढाई चालू असताना तो स्वतःची पत वापरून कर्ज काढून सरकार चालवत होता, त्यामुळे घरचा पैसा आणि सरकारी पैसा एकमेकांत पार मिसळले होते. शिवाय मार्च 1661 मध्ये वारलेला मुख्यमंत्री मझारँ साधारण साडेतीन कोटी लिव्हर मागे ठेवून गेला, आणि त्या संपत्तीची व्यवस्था बघत होता तोच कोल्बेर! पण म्हणून फूकेला संतही करू नका. आपल्याला अटक झालीच तर कुठले किल्ले धरायचे आणि कुणी काय करायचं, याची लेखी योजना त्याच्या सें-मांदेच्या घरात आरशामागे सापडली. असला कागद निरागस माणूस लिहीत नाही.

‘न्यायालयाने जन्मठेप दिली’ हेही चूक. डिसेंबर 1664 मध्ये 22 न्यायाधीशांपैकी 9 जणांनी मृत्युदंड मागितला, 13 जणांनी हद्दपारी. बहुमताने हद्दपारी ठरली. राजाने शिक्षा बदलली ती वाढवून, आणि फूकेची रवानगी आल्प्समधल्या पिन्यरोलच्या किल्ल्यात झाली.

राहता राहिला लोखंडी मुखवटा, म्हणजे चेहरा झाकून ठेवलेला तो गूढ कैदी फूकेच होता ही दंतकथा. फूके मार्च 1680 मध्ये वारला. मुखवटेवाला कैदी पॅरिसच्या बास्तीय तुरुंगात 1703 ला. तेव्हा दोघे एकच असणं शक्य नाही. मात्र एझ्ताश दोज्ये नावाचा एक कैदी पिन्यरोलमध्ये फूकेचा नोकर म्हणून राबत होता, आणि बरेच इतिहासकार मुखवटा त्याच्याच तोंडावर बसवतात.