सेंट ऑगस्टीन मठाचे अवशेष पाहताना

जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिका पाहून परतणाऱ्यांनी पश्चिमेकडची टेकडी चढून सेंट ऑगस्टीन मठाचे अवशेष आवर्जून पाहावेत. १६०२ मध्ये पूर्ण झालेले येथील चर्च १८३५ मध्ये धर्मसंघांवरील बंदीनंतर ओस पडले, १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले आणि आज जांभ्या दगडाचा, सुमारे ४६ मीटर उंचीचा एक अर्धवट मनोरा तेवढा उभा आहे. त्याचे छायाचित्र काढून लगेच मागे फिरू नये. जमिनीवरील कोरीव थडगी आणि भिंतींना चिकटून राहिलेले रंगीत फरशांचे तुकडे हेच खरे पाहण्यासारखे आहे. ऊन टाळण्यासाठी सकाळी लवकर जावे, आणि पावसाळ्यात जांभा शेवाळाने निसरडा होत असल्याने घट्ट पकडीची पादत्राणे घालावीत. मठाची मोठी घंटा मात्र आता पणजीच्या चर्चमध्ये आहे.