टॉर्च पेटत नाही? सेल फेकायच्या आधी कॉन्टॅक्ट बघा, आणि या चुका टाळा

मृगाचा पहिला दणका पडला की आमच्या मालवण बाजूला रात्री अर्धा गाव व्हाळात असतो, कुर्ल्या पकडायला. गेल्या पावसात मीपण गेलो, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तळव्यात मावणारी अल्युमिनियमची टॉर्च, तीन बारके पेन्सिल सेल घालतात ना तसली, आणि गुडघाभर पाण्यात गेल्यावर नेमकी ती लुकलुक करून विझली. आपटली, पेटली. चार पावलं गेलो, परत विझली. मागून बापूकाका ओरडले, "अरे मेल्या, आपटतंस कित्याक, मागचा झाकाण घट कर!" केलं घट्ट आणि लख्ख उजेड. सेल दोनच दिवसांपूर्वी घातलेले होते आणि मी तोवर मनातल्या मनात दुकानदाराला भरपूर शिव्या घालून मोकळा झालो होतो.

त्यानंतर वाडीतल्या बंद टॉर्च माझ्याकडे यायला लागल्या (बापूकाकांनीच आवई उठवली की पोरगो रिपेरी करता) आणि उघडून बघितलं तर बहुतेकांचं दुखणं हेच, कॉन्टॅक्ट. एलईडी सहसा जात नाही हो. आणि निम्म्या टॉर्चची वाट खराबीने नाही, घरच्या दुरुस्तीने लागलेली.

आधी करंट कुठून कुठे जातो ते डोक्यात असू द्या, बाकी सगळं मग सोपं आहे. सेलच्या पुढच्या टोपीतून डोक्यातल्या एलईडीकडे, तिथून टॉर्चच्या नळीत, नळीतून मागच्या झाकणात, झाकणातल्या स्विचमधून स्प्रिंगेत आणि स्प्रिंगेतून परत सेलच्या बुडाला. तारा जवळपास नाहीतच, नळी हीच तार. तीन सेलचा प्लास्टिकचा पिंजरा असेल तर प्रत्येक सेलची दोन टोकं, पिंजऱ्याची पुढची-मागची पट्टी, नळीचे दोन्ही आटे, असं दहा ठिकाणी धातूला धातू नुसता टेकलेला असतो, सोल्डरचा डाग दिलेला नसतो. तिन्ही सेल एकामागे एक जोडलेले, त्यामुळे एक जागा सुटली की सगळं बंद. पूर्ण सुटली नाही पण मळली तरी मार बसतोच. समजा एका जागी अर्धा ओहम अडथळा आला आणि टॉर्च एक अँपिअर ओढतेय, तर अर्धा व्होल्ट तिथेच मेला, आणि १.५ व्होल्टच्या एका सेलची टॉर्च असेल तर तिचा तिसरा हिस्सा गेला की. म्हणून नव्या सेलवरपण उजेड पिवळट, मिणमिणता.

आता चुका.

आपटणं तर सगळेच करतात, मीपण करतो. फक्त आपटल्यावर पेटली याचा अर्थ समजून घ्या: सेल चांगले आहेत, एलईडी चांगला आहे, कुठेतरी सैल किंवा मळलेलं आहे. ही झाली तपासणी, दुरुस्ती नाही. रोज आपटत राहिलात तर पिंजऱ्याच्या पट्ट्या वाकतात आणि मग खरोखरच दुकान गाठावं लागतं.

दुसरी चूक घड्याळाची. सेल चांगला आहे का बघायला भिंतीवरच्या घड्याळात घालायचा, काटा हलला की सेल पास! अहो, घड्याळाला करंट लागतो अगदी नावाला, टॉर्चसाठी मेलेला सेल घड्याळ कित्येक महिने चालवतो. मल्टिमीटर असेल तर त्यावर बघा, नवा अल्कलाईन सेल दीड व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो, आणि नुसता पडून असताना १.२ च्या आसपास आला असेल तर तो संपत आलाय. (चार्जिंगच्या निकेलवाल्या सेलला हे लावू नका, तो मुळात १.२ चाच असतो.) मीटर नसेल तर दुसऱ्या चालू टॉर्चमध्ये घालून बघा, तेवढं पुरतं. आणि एक जुना दोन नवे असं मिक्स करू नका, कमजोर सेल आधी संपतो, बाकीचे दोघे त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलतात आणि तो गळतो.

सेल ठीक आहेत हे कळलं की पुढची पायरी मला सगळ्यात आवडते कारण एका मिनिटात निकाल लागतो. मागचं झाकण काढा, सेल आत राहू द्या, डोकं खाली. सेलचं बूड दिसतंय आणि भोवती नळीची कड दिसतेय. आता तारेचा तुकडा घ्या, दोन्ही टोकांचं प्लास्टिक सोललेला, एक टोक सेलच्या बुडावर आणि दुसरं नळीच्या कडेवर टेकवा, कडेचा जो भाग उघडा चकचकीत आहे तिथे, काळ्या रंगावर नाही. पेटली? मग दोष काढलेल्या झाकणात आहे, स्विच, स्प्रिंग नाहीतर आटे. नाही पेटली तर पुढे डोक्याकडे किंवा पिंजऱ्यात शोधा. साधे सेल असतील तर घाबरायचं काही नाही, चार्जिंगचा लिथियम सेल असेल तर तार फक्त या दोन जागी लावा, सेलच्या प्लस-मायनसला थेट जोडलीत तर तार लाल होईल आणि बोटंही.

झाकणात दोष निघाला तर आधी आत डोकावून बघा. बऱ्याच टॉर्चमध्ये स्प्रिंगेभोवती एक चकती असते, दोन बारकी भोकं किंवा खाचा असलेली, आट्यांवर बसवलेली. हीच स्विचला धरून ठेवते आणि हीच करंटचा रस्ता आहे, आणि ही वापरून वापरून ढिली होते. कात्रीची दोन टोकं त्या भोकांत घाला आणि घड्याळाच्या दिशेने फिरवा. बापूकाकांच्या स्वतःच्या टॉर्चला हेच झालं होतं, वर्षभर त्यांनी ती स्विच गेला म्हणून फणसाच्या फांदीला टांगून ठेवलेली, पाव आटा फिरवला आणि पेटली. त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं. मला चहापण नाही मिळाला, उलट "इतको येळ लागलो?"

आता सगळ्यात जास्त टॉर्च ज्याने मारल्या ती चूक, पॉलिश पेपर. काळं दिसलं की घास, तांबूस दिसलं की घास. स्प्रिंग असते पोलादाची, वर निकेलचा पातळ मुलामा. तो मुलामा घासून काढला की खाली नागडं पोलाद, आणि आमची हवा म्हणजे खारी, मीठ ओलावा धरून ठेवतं, आठवड्याभरात तिथे गंज. पहिले दोन दिवस मात्र टॉर्च मस्त पेटते म्हणून माणसाला वाटतं जमलं. त्यापेक्षा शाळेतला खोडरबर घ्या, पट्टीवर आणि सेलच्या टोकावर दहा-पंधरा वेळा घासा, कचरा झटका, मग कापसाच्या काडीवर आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, लावून पुसा. मोबाईल रिपेरवाल्याकडे असतं, थोडंसं मागितलंत तर देतो. कोविडच्या वेळचं जेल सॅनिटायझर उरलंय म्हणून तेच लावू नका, ते चिकट राहतं. भांडी घासायची तारेची घासणीपण नको, तिचे केस आत पडतात आणि शॉर्ट होतो.

पांढरी-हिरवट पूड असेल तर प्रकरण वेगळं आहे. अल्कलाईन सेल गळला की बाहेर येतं पोटॅशियम हायड्रॉक्साईड, हवा लागून त्याची पांढरी पूड होते. फुंकर मारू नका! डोळ्यात गेली तर महागात पडेल. हातमोजे नाहीतर पिशवी हाताला गुंडाळा, पूड झाडून घ्या, मग कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. बारीक फेस येतो, तो थांबेपर्यंत काडी बदलत राहा, नंतर साध्या पाण्याची ओली काडी, नंतर आयपीए, आणि पूर्ण वाळू द्या. इथे आमच्या वहिनीने शक्कल लढवली, आंबटच पाहिजे ना मग कोकमाचं आगळ आहे की घरात. वहिनी, आगळात मीठ असतं! पूड गेली, तिसऱ्या दिवशी स्प्रिंग लाल. आगळ सोलकढीसाठी ठेवा. स्वस्तातला साधा झिंकचा सेल गळला असेल तर ते अल्कली नसतं, थोडं आम्लाकडेच झुकलेलं, तिथे व्हिनेगरचा उपयोग नाही, ओल्या फडक्याने नीट पुसून वाळवलं तरी चालतं. सेलवर अल्कलाईन असं लिहिलेलं असतं, बघून घ्या.

स्प्रिंग ढिली वाटली की पक्कडीने खेचून लांब करायची सवयपण आहे आपल्याला. दोन-तीन मिलिमीटर ठीक आहे. मी एकदा जोर केला आणि ती वाकडी होऊन नळीच्या भिंतीला टेकली, म्हणजे स्विच दाबा न दाबा टॉर्च कायम चालू, रात्रभर दप्तरात जळत होती. चॉकलेटची चांदी गोळी करून मागे कोंबणं हेही तसंच, एका रात्रीपुरतं साध्या सेलला चालेल, लिथियमच्या सेलला अजिबात नको, ती चांदी सरकून कुठे टेकेल याचा भरवसा नाही.

सेलच्या मापातला घोळपण कॉन्टॅक्टचा दोष वाटतो. चार्जिंगचा लिथियम सेल असतो ना १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, पण त्यातले काही सपाट डोक्याचे आणि काही टोपीवाले. पुढे टोपीसाठीच खोलगट जागा असलेल्या टॉर्चमध्ये सपाट सेल टेकतच नाही. आतमध्ये प्रोटेक्शनचं सर्किट असलेला सेल तीन-चार मिलिमीटर जास्त लांब, झाकण पुरतं बसत नाही. आणि १४५०० दिसतो हुबेहूब साध्या पेन्सिल सेलसारखा पण तो ३.७ व्होल्टचा, दीड व्होल्टच्या टॉर्चमध्ये घातलात तर कॉन्टॅक्ट बघायची वेळच येणार नाही.

आट्यांबद्दल. काळ्या टॉर्चवरचा तो सहसा नुसता रंग नसतो, अल्युमिनियमच्याच ऑक्साईडचा रंगवलेला थर असतो आणि त्यातून करंट जात नाही. म्हणून नळीची कड कंपनी मुद्दाम उघडी ठेवते. तिथे समुद्राची वाळू, जुनं काळं ग्रीस, मिठाची साय, काही पण असेल ते फडक्याने पुसून काढा. मग आट्यांना आणि रबरी रिंगेला सिलिकॉन ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढं. खोबरेल तेल नको, ते कालांतराने चिकट होतं आणि धूळ धरतं. गंज काढायचा स्प्रेसुद्धा नको, त्याचा थर मागे राहतो.

खाऱ्या पाण्यात पडली तर लगेच सेल काढा आणि टॉर्च सरळ गोड्या पाण्याने धुवा, लोक घाबरतात पण मीठ आत वाळलं की जास्त वाईट, अल्युमिनियमची नळी आणि पोलादाची स्प्रिंग खारट ओलाव्यात एकत्र आली की नळी खाल्ली जाते. वाळवायची पंख्याखाली. चुलीच्या वैलावर नाही.

आणि सेल आत ठेवून टॉर्च कपाटात बंद करणं. निसर्ग वादळ आलं, ३ जून २०२०, आत्याच्या दापोलीत पोल आडवे, कित्येक दिवस लाईट नाही, आणि पहिल्याच रात्री कपाटातून काढलेल्या टॉर्चमध्ये सेल फुगून नळीला चिकटलेले. लाकडावर हलकी ठोकून निघाले तर ठीक, तिचे काही निघाले नाहीत. आता तिच्या फडताळात टॉर्च वेगळी आणि सेल कागदात गुंडाळून शेजारी, डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि महिन्यातून एकदा अमावास्येला काढून बघायची, तारीख लक्षात राहते म्हणून अमावास्या, बाकी काही नाही.