लिंबाच्या खैऱ्यावर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी.चे प्रोजेक्ट सुरू झाले की निम्मी पोरं लिंबाच्या बागा गाठतात. कागदी लिंबावर खैऱ्या हमखास सापडतो: पानावर तपकिरी खरखरीत फोड, भोवती पिवळी कडा. त्यातून झँथोमोनास सिट्री वेगळा करायचा आणि त्याचं कोरम सेन्सिंग, म्हणजे रासायनिक संदेशांवरून आपली गर्दी ओळखणं, दाखवायचं, असा बेत असतो. महिन्याभरानं तोंडं पाडून परत येतात, "सर, काहीच जांभळं नाही झालं जी."

होणारच नव्हतं. चाचणीला वापरतात तो सीव्ही०२६ हा क्रोमोबॅक्टेरियम जिवाणूचा वाण स्वतः संदेश बनवत नाही. बाहेरून एएचएल हा काही जिवाणूंचा संदेश-रेणू मिळाला तरच जांभळा होतो, तोही आखूड साखळीचा. झँथोमोनासचा संदेश म्हणजे डीएसएफ, एक मेदाम्ल. या वाणाला ते कळतच नाही. तरी दरवर्षी कोणीतरी ‘कोरम सेन्सिंग आढळले नाही’ असा निष्कर्ष बाइंड करून आणतं.

एएचएलवाले जिवाणू घेतले तरी फसगत होते. जिवाणू वाढवायचं एलबी माध्यम रात्रभरात अल्कधर्मी होतं आणि त्यात एएचएलच्या रेणूतलं लॅक्टोन नावाचं कडं उघडतं. संदेश तयार झाला, पण तुम्ही तपासेपर्यंत उरला नाही. त्यामुळे माध्यमाला बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रव्य) लावा. शेजारच्या प्लेटवर शुद्ध सी-६ एएचएलचा थेंब टाका. तीही पांढरी राहिली तर दोष नमुन्याचा नाही, वाणाचा नाहीतर तापमानाचा. पुस्तकातलं ‘रूम टेंपरेचर’ आपल्याकडे मे महिन्यात नसतंच. प्लेटा ३० अंशांना ठेवा आणि रात्री लाइट गेली होती का, ते वॉचमनला विचारा.

मोठी चूक मात्र पीसीआरच्या, म्हणजे एमआरएनए मोजणाऱ्या चाचणीच्या आलेखात असते. एमआरएनए (जनुकाची नक्कल, जिच्यावरून प्रथिन बनतं) दुप्पट दिसला, म्हणून रोगकारकता दुप्पट! ग्रामसभेत ठराव लिहिला गेला म्हणजे रस्ता झाला, असं आपल्या गावात कोणी मानतं का? जिवाणूतही ठरावानंतर बरंच काही घडतं. खैऱ्याच्या जिवाणूत एचआरपी-जी हे प्रथिन वनस्पतीच्या पेशीत प्रथिनं टोचणाऱ्या यंत्रणेचं मुख्य बटण आहे. त्याच्या एमआरएनएच्या सुरुवातीच्या टोकाला आरएसएम-ए नावाचं प्रथिन चिकटतं आणि तो लवकर तुटू देत नाही. हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं. इथं पोरं लगेच पाठ करतात: आरएसएम-ए म्हणजे चालना. तसंही नाही. बटाटा सडवणाऱ्या पेक्टोबॅक्टेरियमात तेच प्रथिन सडवणाऱ्या एन्झाइमांना आवर घालतं. ते कोणत्या एमआरएनएवर कुठं बसलं, यावर सगळं ठरतं. म्हणून पीसीआरसोबत प्रथिन मोजणारी वेस्टर्न ब्लॉट चाचणी, निदान एन्झाइमची चाचणी तरी करा.

‘गर्दी वाढली की विष वाढतं’ हे वाक्यही जपून लिहा. पटकीच्या जिवाणूत उलटं आहे. संख्या कमी असताना क्यूआरआर नावाचे चार छोटे आरएनए, एचएफक्यू प्रथिनाच्या मदतीनं, हॅप-आर या नियंत्रक प्रथिनाचा एमआरएनए नष्ट करतात आणि रोगकारक जनुकं चालू राहतात. गर्दी झाली की हे आरएनए थांबतात, हॅप-आर वाढतं आणि रोगकारकता आवरती घेतली जाते. त्यामुळे नमुना कोणत्या ओडीला (कल्चरच्या गढूळपणाचं माप, त्यावरून संख्या कळते) घेतला, हे लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. दोन नमुने तुलनेला घ्यायचे तर एकाच ओडीचे घ्या.

आता वाहतूक. मागच्या वर्षी एका गटानं कल्चर बर्फाच्या डब्यात घालून एसटीनं जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नेलं. फाट्यावर गाडी चुकली, तीन तास गेले. जिवाणूंचे बरेचसे एमआरएनए काही मिनिटांतच तुटतात, आणि अचानक लागलेल्या गारठ्यानंही जनुकांचं काम बदलतं. मग डब्यात होतं ते कल्चर वाढवतानाचं चित्र नव्हतंच. आरएनए टिकवणारं द्रावण इन्क्युबेटरमधून फ्लास्क काढल्या काढल्या, तिथंच घाला. बर्फ त्यानंतर.