होमस्टेची वेबसाइट करताय? पोस्ट कुठे, पेज कुठे

तारकर्लीला होमस्टे काढलाय आणि वर्डप्रेसवर साइट करताय, तर प्रत्येक मजकुराला आधी एवढंच विचारा, हे पुढच्या वर्षी पण असंच लागणार का? लागणार असेल तर पेज. खोल्या, कुडाळ स्टेशनवरून कसं यायचं, फोन नंबर, हे सगळं पेजवर आणि मेनूत, कारण पाहुणा रात्री स्टेशनबाहेर उभा राहून तेच शोधत असतो. पेजला कॅटेगरी नसते, टॅग नसतात, फीडमध्ये, म्हणजे नव्या पोस्टांच्या आपोआप बनणाऱ्या यादीत, पण जात नाही.

तारखेला बांधलेलं ते पोस्ट. पावसामुळे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद झाल्या, यंदा हापूस उतरायला लागला, असलं.

मी सुरुवातीला जेवणाचे दर पोस्टमध्ये टाकलेले, ते नव्या पोस्टांखाली गेले आणि दिवाळीत आलेल्या एका काकूंनी दोन वर्षांपूर्वीचा सुरमई थाळीचा दर मोबाइलवर दाखवला, फार वाईट वाटलं हो. आता दर एकाच पेजवर, बदलले की तिथेच बदलायचे.

आणि हो, सेटिंग्जमध्ये रीडिंगला जाऊन होमपेज स्टॅटिक करा, म्हणजे पहिलं पान म्हणून एकच ठरलेलं पेज ठेवा, पोस्टांना वेगळं पेज द्या, नाहीतर साइट उघडल्यावर खोल्यांआधी होड्यांची बातमी दिसते.