कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

ऐन पावसाळ्यात आमच्या घरचा कॉम्प्युटर दिवसातून तीन-चारदा बंद पडायला लागला. दुकानात नेला, तर "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणाले. मारून आणला. आठ दिवसांत पुन्हा तेच, पुन्हा फॉरमॅट. त्या दुसऱ्या खेपेत बाबांनी स्कॅन करून ठेवलेले जुने फोटो गेले. दोष शेवटी रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीत निघाला आणि तो घालवायला एक खोडरबर पुरलं. म्हणून कळकळीनं सांगते, फॉरमॅट अगदी शेवटी.

मशीन चालू होतंय तोवर फोटो, कागदपत्रं, हिशेब बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. हे झाल्याशिवाय पुढचं काहीही करू नका.

मग एक वही घ्या. कधी बंद पडला, तेव्हा काय चालू होतं आणि कसा बंद पडला, एवढं लिहीत जा. यातलं "कसा" सगळ्यात महत्त्वाचं. निळा पडदा येऊन बंद पडत असेल (विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत तो काळा असतो), तर संशय ड्रायव्हर (एखादा भाग विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर), रॅम किंवा डिस्कवर घ्यायचा. काहीच न दिसता, दिवे गेल्यासारखा फटकन बंद होत असेल, तर आधी उष्णता आणि वीजपुरवठा बघायचा.

पडदा वाचायच्या आत मशीन रीस्टार्ट होत असेल, तर ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये "स्टार्टअप अँड रिकव्हरी" उघडा आणि "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट"वरची खूण काढा. आता पडदा थांबून राहील. मोबाइलवर त्याचा फोटो काढा. "मेमरी मॅनेजमेंट" लिहिलेलं आलं, तर रॅम तपासायलाच हवी. खाली एखाद्या फाइलचं नाव असेल, तर ते बहुधा ड्रायव्हरचं असतं.

स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी हिस्टरी" शोधा. तारखेनिहाय तक्ता उघडतो, लाल फुल्या म्हणजे बिघाड. पहिली फुली कुठल्या दिवशी आली आणि त्याच्या आदल्या दिवशी काय इन्स्टॉल झालं, ते बघा. बऱ्याचदा उत्तर तिथेच असतं. ड्रायव्हर नवा आला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन "रोल बॅक ड्रायव्हर" करा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, "कर्नल-पॉवर ४१" दिसलं म्हणून लगेच पॉवर सप्लाय (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) बदलायला धावू नका. मशीन नीट शटडाउन झालं नाही, एवढंच ती नोंद सांगते. कारण सांगत नाही.

आता कॉम्प्युटरचा डबा, म्हणजे कॅबिनेट उघडायचं. मेन स्विच बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि हात उघड्या धातूला लावून घ्या. पंख्यांवरची धूळ मऊ ब्रशनं काढा. फुंकताना पात्याला बोट लावून धरा, पंखा गरागरा फिरू देऊ नका. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका, वायर काढली तरी आत धक्का देण्याइतकी वीज उरलेली असते.

रॅमच्या दोन्ही टोकांचे खटके बाहेर दाबले की पट्टी वर येते. आमची पट्टी काढली, तेव्हा खालचे सोनेरी दात मळकट, काळपट झाले होते. दमट हवेनं असं होतं. पेन्सिलीचं मऊ, कोरडं खोडरबर त्यावर हलक्या हातानं एकाच दिशेनं फिरवलं, चुरा ब्रशनं झटकला आणि पट्टी पुन्हा बसवली. खटका "टक्" वाजला पाहिजे. नाही वाजला, तर पट्टी अर्धवट बसली आहे असं समजा.

एवढं करूनही थांबलं नाही, तर स्टार्टमधलं "विंडोज मेमरी डायग्नोस्टिक" चालवा. पट्ट्या दोन असतील, तर एकेक लावून दोन-दोन दिवस वापरून बघा. चाचणीत एक जरी चूक निघाली, तरी ती पट्टी बदला.

डिस्कसाठी क्रिस्टल-डिस्क-इन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. त्यात निळ्याऐवजी पिवळं "कॉशन" दिसलं, तर दुरुस्तीच्या नादी न लागता नवी डिस्क घ्या.

उष्णतेसाठी हार्डवेअर मॉनिटरसारखं सॉफ्टवेअर लावून आकडे बघा. बरेचसे प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आपला वेग उतरवतात, आणि त्यापुढे तापले तर मशीन बंद होतं. साधं टायपिंग करताना ८५-९० दिसत असेल, तर धूळ काढून भागणार नाही, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता वरच्या कूलरकडे नेणारा लेप) नव्यानं लावून घ्या.

फ्रीज किंवा पंप सुरू होतानाच बंद पडत असेल, तर कॉम्प्युटर वेगळ्या सॉकेटवर, यूपीएसवर लावून बघा. तरीही तेच झालं, तर ओळखीच्या कुणाचा चालू पॉवर सप्लाय दोन दिवस लावून घ्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती वहीत तारखेसह लिहा. मेकॅनिकला बोलवायची वेळ आलीच, तर वही आणि पडद्याचे फोटो त्याच्या हातात द्या, आणि डिस्कला हात लावण्याआधी विचारायला सांगा.